७७ डॉलरचा दंड

जानेवारी २००६ मध्ये सिडनीच्या मोसमन भागातल्या एका कॅमेऱ्याने एक गाडी टिपली. मर्यादा ताशी ५० किलोमीटर, गाडीचा वेग ६०. दंड ७७ डॉलर. गाडी होती मार्कस आइनफेल्ड यांची. हे गृहस्थ फेडरल कोर्टाचे निवृत्त न्यायाधीश, देशाच्या मानवी हक्क आयोगाचे पहिले अध्यक्ष, समाजात मोठा मान असलेले.

कॅमेऱ्याला गाडीचा नंबर दिसतो, चालवणारा दिसेलच असं नाही. म्हणून नोटीस मालकाच्या नावाने निघते. मालकाने शपथेवर लिहून दिलं की त्या वेळी गाडी अमुक माणूस चालवत होता, तर दंड त्या अमुकाकडे वळतो. आइनफेल्ड यांनी नाव दिलं तेरेसा ब्रेनन या प्राध्यापक मैत्रिणीचं. ती अमेरिकेहून आली होती, तिला गाडी दिली होती, असं त्यांनी कोर्टात सांगितलं आणि दंड रद्द झाला. प्रकरण इथेच संपायचं. पण सिडनीच्या एका वर्तमानपत्राने त्या बाईंचा शोध घेतला, तेव्हा कळलं की तेरेसा ब्रेनन २००३ सालीच वारल्या होत्या. त्याही एका पळून गेलेल्या गाडीच्या धडकेने. मग एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचा टेकू देणं सुरू झालं. मार्च २००९ मध्ये या माजी न्यायाधीशांना खोटी साक्ष दिल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यातली किमान दोन वर्षं तुरुंगात काढायची होती.

ही गोष्ट ऐकून पहिला प्रश्न पडतो तो हा, की ७७ डॉलरसाठी एवढा उपद्व्याप कशाला? न्यायाधीशाच्या खिशाला ती रक्कम जाणवलीही नसती. पण ऑस्ट्रेलियात दंडाच्या पैशाला कोणी फारसं घाबरत नाही. भीती असते ती त्याच्यासोबत येणाऱ्या डेमेरिट पॉइंटची. चूक केली की तुमच्या नावावर काळे गुण चढतात. बहुतेक राज्यांत तीन वर्षांत १२ गुण भरले की परवाना निलंबित होतो. न्यू साउथ वेल्समध्ये ही मर्यादा १३ आहे. आणि परवाना गेला की काय होतं ते समजायला त्या देशातली घरं पाहावी लागतात. शहराभोवती पन्नास-पन्नास किलोमीटर पसरलेली उपनगरं, प्रत्येक घराला परस, दूध आणायचं तरी गाडी काढावी लागते. परवाना नसलेला माणूस तिथे घरात कोंडल्यासारखा होतो. दंड भरून मोकळं होता येतं. गुण मात्र पैसे देऊन पुसता येत नाहीत. म्हणून तर काही लोक आपले गुण आजीच्या नावावर खपवायला बघतात. तो गुन्हा आहे, तरीही बघतात.

यावर कळस म्हणजे 'डबल डेमेरिट'. ईस्टर, ख्रिसमस अशा जोडून येणाऱ्या सुट्ट्यांत न्यू साउथ वेल्स, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि कॅनबेरा परिसरात वेग, मोबाईल, सीटबेल्ट अशा चुकांचे गुण दुप्पट होतात. सणाच्या तोंडावर ही घोषणा रेडिओवर, टीव्हीवर, महामार्गावरच्या विजेच्या पाट्यांवर सतत चालू असते. पोलीस आपण होऊन सांगतात की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आम्ही दुप्पट गुण लावणार. लपवून ठेवण्यात त्यांना रस नाही. लोकांना आधीच धास्ती बसावी, हाच हेतू.

हा हेतू ध्यानात ठेवला की पुढचं बरंच काही उलगडतं. आपल्याकडे परदेशातल्या वाहतुकीचं कौतुक करताना 'तिकडचे लोकच शिस्तीचे' असं एक वाक्य हमखास येतं. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत ते साफ चुकीचं आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हेच लोक बेफाम पिऊन, पट्टा न लावता, कोणाला न जुमानता गाड्या हाकत होते. आज्ञा मोडणारा तो खरा ऑसी, अशी त्यांची स्वतःबद्दलची लाडकी कल्पना आजही आहे. शिस्त त्यांना लावावी लागली, आणि ती लावली कशी याचा इतिहास उपलब्ध आहे.

तिथल्या वर्तमानपत्रांत 'रोड टोल' हा शब्द कायम भेटतो. टोल म्हटलं की आपल्याला खालापूरचा नाका आठवतो. तिथे रोड टोल म्हणजे या वर्षी रस्त्यावर आतापर्यंत मेलेल्यांची संख्या. १९७० साली ही संख्या ३,७९८ वर गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम सव्वा कोटी, म्हणजे लाखामागे तीस माणसं एका वर्षात. त्याच्या आदल्या वर्षी एकट्या व्हिक्टोरिया राज्यात १,०३४ जण मेले होते. मेलबर्नच्या 'सन' या दैनिकाचे संपादक हॅरी गॉर्डन यांनी नोव्हेंबर १९७० मध्ये '१०३४ विरुद्ध युद्ध पुकारा' अशी मोहीम उघडली. मोहिमेचं नावच एक आकडा. तो लोकांच्या डोक्यात बसला, आणि सरकारला हलावं लागलं. २२ डिसेंबर १९७० रोजी व्हिक्टोरियात सीटबेल्ट लावणं सक्तीचं झालं. असा कायदा करणारं ते जगातलं पहिलं ठिकाण. पुढच्या दोनेक वर्षांत बाकीची राज्यंही मागोमाग आली.

कल्पना अगदीच आकाशातून पडली नव्हती. स्नोई पर्वतरांगांत धरणं आणि बोगदे बांधण्याचं प्रचंड काम चालू होतं. युद्धानंतर युरोपातून आलेले हजारो मजूर डोंगरी रस्त्यांवरून गाड्या दामटत होते. त्या प्रकल्पाने १९६०च्या सुमारास आपल्या गाड्यांना पट्टे बसवले आणि न लावणाऱ्याला घरी पाठवायचं धोरण ठेवलं. पट्टा माणूस वाचवतो हे तिथे दिसून आलेलं होतं. पण नुसतं सांगून, जाहिराती करून लोक पट्टा लावेनात. कायदा आला आणि लावू लागले.

आज तिथे गाडीत कोणीही बिनपट्ट्याचा बसला असेल तर चालवणाराही जबाबदार धरला जातो. दंड आणि गुण त्याच्या नावावर. त्यामुळे मागे बसलेल्या मामांना 'पट्टा लावा' असं सांगताना भाच्याला संकोच करून चालत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मागच्या पट्ट्याची चर्चा आपल्याकडे खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाली. कायदा होता, विचारणारं कोणी नव्हतं.

दारूचा प्रश्न पट्ट्यापेक्षा अवघड होता. पबमध्ये मित्रांनी आळीपाळीने सगळ्यांना पाजायचं, आपली पाळी आल्याशिवाय उठायचं नाही, हा तिथला शिष्टाचार. चार मित्र म्हणजे चार ग्लास, आणि मग प्रत्येक जण आपापली गाडी काढणार. पोलिसाने थांबवायचं तर गाडी वेडीवाकडी चालताना दिसली पाहिजे, म्हणजे संशयाला जागा हवी. व्हिक्टोरियाने १९७६ साली ही अटच काढून टाकली. कोणालाही, कारण न देता, थांबवून श्वास तपासता येऊ लागला. खरा धडाका मात्र न्यू साउथ वेल्सने लावला. १७ डिसेंबर १९८२ रोजी, ऐन ख्रिसमसच्या तोंडावर, तिथे ही तपासणी सुरू झाली आणि रस्त्यावर मरणाऱ्यांची संख्या पुढच्या वर्षभरात सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरली.

रॉस होमेल या गुन्हेशास्त्रज्ञाने या तपासणीचा पुष्कळ अभ्यास केला आहे. त्याच्या मांडणीचा गाभा असा की किती दारुडे पकडले यावर यश मोजायचं नाही. ज्यांना पकडलंच नाही, पण ज्यांनी रस्त्याच्या कडेला पोलिसांची बस उभी पाहिली, ज्यांना एकदा तरी नळीत फुंकावं लागलं, ज्यांनी ऑफिसात कोणाकडून तरी ऐकलं, त्यांच्यावर काय परिणाम झाला ते महत्त्वाचं. म्हणून बस दिसेल अशी, मोठी, दिव्यांनी लखलखणारी ठेवायची. लोक तिला 'बूझ बस' म्हणतात, म्हणजे दारूबस. रांगेत लागलेल्या गाडीच्या खिडकीशी पोलीस येतो, एक छोटं यंत्र तोंडासमोर धरतो आणि दहापर्यंत आकडे मोजायला सांगतो. मोजणं संपलं की बहुतेकांना 'थँक्स मेट' म्हणून सोडून देतात. अर्ध्या मिनिटाचं काम. सकाळी मुलांना शाळेत सोडायला निघालेल्या आईलाही थांबवतात, कारण रात्रीची सकाळपर्यंत उतरलेली असेलच असं नाही.

शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क ही तिथली मर्यादा. शिकाऊ आणि नवशिक्यांना शून्य. आपल्या मोटार वाहन कायद्यात हीच मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे कागदावर आपला कायदा ऑस्ट्रेलियापेक्षा कडक! हा एक आकडा मला या विषयातल्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त सांगून जातो. शनिवारी रात्री हॉटेलातून निघालेल्या माणसाला आज आपण नक्की अडवले जाऊ असं वाटतं की नाही, सगळं तिथे ठरतं.

पोलिसांचीही एक फजिती सांगायला हवी, नाहीतर चित्र फार गुळगुळीत होईल. तपासण्यांचा आकडा मोठा हवा म्हणून प्रत्येक ठाण्याला उद्दिष्ट ठरवून दिलेलं असतं. २०१८ साली उघड झालं की व्हिक्टोरियाच्या पोलिसांनी साडेपाच वर्षांत अडीच लाखांहून जास्त तपासण्या खोट्या दाखवल्या होत्या. युक्ती साधी होती. यंत्राच्या भोकावर बोट ठेवायचं किंवा स्वतःच फुंकायचं, आकडा भरला. एकूण तपासण्यांच्या मानाने हा हिस्सा दीड टक्का होता, पण नाचक्की व्हायची ती झालीच. सरकारी उद्दिष्टाची पूर्तता कशी होते हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

माणूस फसवतो म्हणून असेल किंवा माणूस महाग पडतो म्हणून, गेली काही वर्षं भार यंत्रांवर सरकला आहे. व्हिक्टोरियाने २००४च्या अखेरीस रस्त्यावर लाळ तपासून अमली पदार्थ शोधायला सुरुवात केली, तेही जगात पहिल्यांदा. न्यू साउथ वेल्सने डिसेंबर २०१९ मध्ये मोबाईल पकडणारे कॅमेरे लावले; तीन महिने नुसती समज, आणि मार्च २०२० पासून दंड. कॅमेरा उंचावरून काचेतून थेट मांडीपर्यंतचा फोटो घेतो, संगणक संशयित फोटो निवडतो आणि शेवटी माणूस ते डोळ्यांखालून घालतो. जुलै २०२४ पासून त्याच कॅमेऱ्यांनी पट्टाही तपासला जातो. क्वीन्सलँडमध्ये हातात फोन धरल्याचा दंड एक हजार डॉलरच्या वर आहे. नवशिक्याला न्यू साउथ वेल्समध्ये चारच गुणांची मुभा असते आणि फोनचे गुण पाच. एकदा फोन उचलला की परवाना गेला.

इथे माझी एक तक्रार आहे. हजार डॉलर सर्जनलाही तेवढेच आणि सफाई कामगारालाही तेवढेच. फिनलंडसारख्या देशात दंड उत्पन्नावर ठरतो. ऑस्ट्रेलियाने तो मार्ग धरलेला नाही. एरवी समतेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला हे कसं खटकत नाही, कोण जाणे.

नियमपुस्तक चाळायला बसलं तर करमणूक होते. १९९९ साली सगळ्या राज्यांसाठी एक नमुना नियमावली तयार झाली आणि राज्यांनी ती थोड्याफार फरकाने उचलली. तिच्यात लिहिलं आहे की हॉर्न फक्त धोक्याची सूचना देण्यासाठी. म्हणजे पाहुणे निघताना दारातून पीं पीं करून निरोप दिला, तर तो गुन्हा. निरोपाचा हात खिडकीबाहेर काढून हलवला तर तोही गुन्हा. गाडी उभी करून तीन मीटरच्या पलीकडे जायचं असेल आणि आत कोणी नसेल तर काचा वर करून दारं कुलूपबंद केली पाहिजेत. पानाच्या टपरीपर्यंत 'आलोच' म्हणून जायची सोय नाही. न्यू साउथ वेल्समध्ये तर बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर चिखल उडवला तरी दंड आहे. हा नियम मात्र मला मनापासून आवडतो.

मेलबर्नच्या मधल्या भागात उजवीकडे वळायचं असेल तर डाव्या लेनमध्ये जाऊन उभं राहावं लागतं. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे आपला माणूस तिथे निर्धास्त असतो, आणि इथे त्याची दांडी गुल होते. कारण ट्राम. रस्त्याच्या मधोमध ट्रामचे रूळ, आणि उजवीकडे वळणारी गाडी रुळांवर ताटकळली तर मागे ट्रामची रांग लागेल. म्हणून वळणाऱ्याने चौकात डाव्या कडेला पुढे जाऊन थांबायचं, आडव्या रस्त्याचा दिवा हिरवा झाला की सगळ्यांच्या समोरून उजवीकडे सुटायचं. याला 'हुक टर्न' म्हणतात. सिडनीकर मेलबर्नला आले की या वळणापायी घाम पुसतात आणि मेलबर्नकरांना त्याचा आसुरी आनंद होतो. ट्राम थांब्यावर उभी राहून तिची दारं उघडली की मागच्या गाड्यांनीही थांबायचं, हा नियमही तिथला. उतारू थेट रस्त्यावर पाऊल टाकतात. कोणीतरी येऊन उडवेल ही शंका त्यांच्या मनात नसते.

परवाना मिळवणं हे तिथल्या तरुणांचं व्रत असतं. पिवळ्या पाटीवर काळा 'एल' लावून, शेजारी परवानाधारक मोठा माणूस बसवून, न्यू साउथ वेल्समध्ये १२० तास गाडी चालवायची. त्यातले २० तास रात्रीचे. प्रत्येक फेरी वहीत नोंदवायची. मग लाल 'पी', मग हिरवा 'पी', आणि मग पूर्ण परवाना. राज्याराज्यांत फरक आहेत. मरे नदीच्या एका काठावर आल्बरी, न्यू साउथ वेल्समध्ये. दुसऱ्या काठावर वोडोंगा, व्हिक्टोरियात. एका काठावर सतरा वर्षांचा मुलगा 'पी' लावून एकटा गाडी हाकू शकतो, पूल ओलांडून राहणाऱ्या त्याच्या मित्राला अठरा पूर्ण व्हावे लागतात. १२० तासांची अट शहरी घरात आईबाप पुरी करून घेतात. पण ज्या दूरच्या वस्तीत घरात गाडी नाही की परवानाधारक माणूस नाही, तिथल्या मुलाने काय करायचं? आदिवासी समाजातल्या कितीतरी तरुणांची गाडी या अटीपाशी अडते, आणि मग बिनपरवाना गाडी चालवणं, दंड, कोर्ट अशी साखळी सुरू होते.

पुण्या-मुंबईत वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस तिथे स्थायिक झाला, की त्यालाही परीक्षा चुकत नाही. भारतीय परवाना थेट बदलून मिळत नाही. आणि अनुभवी माणूसच पहिल्या फेरीत नापास होतो, हे तिथल्या मराठी मंडळींत अगदी नेहमीचं. आरसे पाहतो, पण लेन बदलण्याआधी मान वळवून खांद्यामागे पाहत नाही. 'स्टॉप'च्या पाटीपाशी वेग कमी करतो, पण चाकं पूर्ण थांबवत नाही. रस्ता रिकामा होता, थांबायचं कशाला, असं त्याला वाटतं. परीक्षक मुकाट्याने कागदावर खूण करतो.

या सगळ्याचं फळ मोठं आहे. व्हिक्टोरियाचा १,०३४चा आकडा २०१८ साली २१३ वर आला होता, लोकसंख्या दुपटीच्या आसपास जाऊनही. देशभरचा ३,७९८चा आकडा बाराशेच्या खाली गेला. पण २०२० नंतर तो पुन्हा चढू लागला आणि २०२४ साली १,३००च्या आसपास पोचला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं राष्ट्रीय धोरण आहे. गाडी उलट्या दिशेने निघाली आहे. मेलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश शहरांबाहेरच्या रस्त्यांवर जातात. तिथे बूझ बस क्वचित, कॅमेरे विरळ, आणि दवाखाना शेकडो किलोमीटरवर.

नॉर्दर्न टेरिटरीत २००६ अखेरपर्यंत गावाबाहेर वेगमर्यादाच नव्हती. मग मोठ्या महामार्गांवर १३० आली. २०१४ साली ॲलिस स्प्रिंग्सच्या उत्तरेला स्टुअर्ट महामार्गाच्या एका तुकड्यावर ती पुन्हा उठवली, सरकार बदललं तशी २०१६ साली परत लावली. मृत्यूंचं प्रमाण तिथे राष्ट्रीय सरासरीच्या कित्येक पट आहे. त्या रस्त्यांवर धावणारी रोड ट्रेन, म्हणजे एका ट्रकमागे जोडलेले तीन-तीन डबे, साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब असते. एसटीच्या चार बस एकामागे एक उभ्या केल्या तरी कमी पडतील. तिला ओलांडायला काढलेली गाडी समोरून येणाऱ्याला कधी भिडेल याचा अंदाज नवख्याला येत नाही. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर उतरतात, दिव्याच्या झोतात गोंधळून उडी मारतात तीही नेमकी बोनेटवर. नलारबोरच्या वैराण पठारावर आयर महामार्गाचा १४६.६ किलोमीटरचा तुकडा असा आहे की त्यात एक वळण नाही. आपला अख्खा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग त्याच्या दोन-तृतीयांश भरेल. तिथे माणसाला मारते ती झोप. म्हणून लांबच्या महामार्गांवर सुट्ट्यांच्या दिवसांत स्वयंसेवक तंबू टाकून बसतात आणि थकलेल्या ड्रायव्हरला फुकट चहा-कॉफी पाजतात.

या ओसाड रस्त्यांवर एक रीत आहे, कोणत्याही नियमपुस्तकात नसलेली. अर्ध्या तासाने एखादी गाडी समोरून येते, आणि जवळ आल्यावर तिचा ड्रायव्हर स्टिअरिंगवरचा हात न काढता तर्जनी तेवढी वर करतो. ओळख नसते, पुन्हा भेट होणार नसते. तिकडे कधी गाडी चालवायची वेळ आली तर तुम्हीही बोट उचला. हात मात्र काचेच्या आतच ठेवा.